‘डिझाइन’ला शब्द : संकल्पचित्र, घाट की वळण?

बोरू
मुंबईतल्या जुन्या छपाईवर लेख लिहिते आहे. निर्णयसागर हा जावजी दादाजींचा छापखाना; ‘निर्णयसागर टाइपचं डिझाइन जावजी दादाजींचं’ या वाक्यात ‘डिझाइन’ खटकतंय. मराठीत काय म्हणावं? ‘संकल्पचित्र’ चालेल?

तळटीप
नको. ते इंजिनियरांचं. नाशिकला जलसंपदा विभागाची मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे, तिथे तो शब्द शोभतो. आधी कागदावर आराखडा आणि मग धरण, असा त्यातला क्रम. तांब्या-कळशीला ‘घाट’ म्हणतात. अक्षराला मात्र आपल्याकडे ‘वळण’च. छापखान्यातले लोकही ‘मुंबई वळण’, ‘कलकत्ता वळण’ असंच बोलायचे.

कंपोझखाना
‘वळण’ला माझं मत. पण मला शब्दापेक्षा ‘जावजींचं’ हा भाग जास्त खटकतो.

निर्णयसागरचे पोलादी ठसे, म्हणजे ज्यांवरून टाइपाचे साचे बनतात ते, राणू रावजी आरू यांनी कोरले. आरू आणि जावजी दोघेही अमेरिकन मिशन प्रेसमध्ये तयार झालेले. जावजी (1839–1892) तिथे लहानपणी टाइप घासायच्या कामाला लागले, तेव्हा टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली तिथलं टाइपांचं काम चाले. त्याच्या कितीतरी आधी मिशनने मुंबईत छपाई सुरू केली, ती कलकत्त्याहून आणलेल्या टाइपांवर. म्हणजे जावजींनी 1864 मध्ये टाइपचा कारखाना आणि 1869 मध्ये छापखाना काढला, तोवर नागरी खिळा (टाइपाचं धातूचं अक्षर) बऱ्याच हातांतून गेलेला होता.

त्यात बोरूची लेखणीही धरा. बोरूच्या टोकाला तिरपी कत मारतात. जाड रेघ कुठे नि बारीक कुठे, हे त्या कतीनं ठरतं. पोलाद कोरणाऱ्याला कतीची काहीच गरज नाही, तरी त्यानं तीच जाडी-बारकाई राखली, कारण पोथी वाचणाऱ्याच्या डोळ्याला तीच ओळखीची. आणि गिऱ्हाईक विसरू नका. 1886 पासून ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथमाला निघाली, जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब संपादक. संस्कृत ग्रंथ छापायचे तर जोडाक्षरांचा ढीग लागतो, आणि तो खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत हजर असावा लागतो. अक्षरं कुठली कोरायची, यात पंडितांचाही वाटा आहे तो असा.

मराठीत मूल आईच्या वळणावर जातं, आजोबांच्या वळणावर जातं. अक्षराचंही तसंच, म्हणून हा शब्द मला इतका नेमका वाटतो.

तळटीप
आणि वळण प्रवासही करतं. हिंदीच्या प्रमाण वर्णमालेत अ, झ, ण पुढे मुंबई वळणाचेच घेतले गेले. उलट ‘ल’ आणि ‘श’ आपल्याकडे हिंदी वळणाचे शिरले. 2009 च्या शासन निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले. पण युनिकोडमध्ये दोन्ही वळणांच्या ‘ल’ला संकेतांक एकच, रूप दाखवायचं काम फाँटचं. त्यामुळे फाँटमध्ये मराठी रूपाची सोय नसेल तर शासन निर्णय कागदावरच राहतो.

बोरू
‘वळण’ पटलं. एक शंका राहते. वळण परंपरेचं, सगळ्यांचं, असं लिहिलं की आरूंचं नाव पुन्हा बुडणार नाही का? जावजींचं निदान कारखान्याबरोबर टिकलं.

कंपोझखाना
रास्त शंका, आणि माझ्या मते लेखातली हीच मुख्य गोष्ट आहे. नाम एकच ठेवा, क्रियापदं वेगळी करा. ठसा *कोरतात*, मातृकेत (साच्यात) खिळा *ओततात*, जुळारी खिळे *जुळवतो*, मालक भांडवल *घालतो*, पंडित पाठ *ठरवतो*. ‘डिझाइन केलं’ म्हटलं की हे पाचही जण एका क्रियापदात गडप होतात आणि उरतो तो फक्त पाटीवरचा माणूस. मी असं लिहीन : ‘निर्णयसागरी वळण राणू रावजी आरूंनी पोलादात कोरलं आणि जावजी दादाजींच्या कारखान्यानं ते दूरदूरच्या छापखान्यांत पोचवलं.’

बोरू
घेतलं. जुळाऱ्यांची नावं कुठे छापलेली सापडली तर इथे टाका, लेखात त्यांच्यासाठी एक परिच्छेद मोकळा ठेवते.