अंबडहून सिन्नरला चाललोय, लीज्ड लाइनचं लॉक-इन २२ महिने बाकी. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात माझं छोटं टूलरूम (साचे, डाय बनवायचं वर्कशॉप) आहे, बारा माणसं. मालकाने गाळा विकायला काढलाय, त्यामुळे मार्चअखेर बिऱ्हाड सिन्नरला, माळेगाव एमआयडीसीतल्या स्वतःच्या शेडमध्ये. क्रेन ठरली, विजेचा अर्ज झाला. घोडं अडलंय इंटरनेटपाशी.

१४ महिन्यांपूर्वी लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी राखून ठेवलेली इंटरनेट लाइन) घेतली (कंपनीचं नाव नको, धागा भलतीकडे जाईल). महिना १८,५०० अधिक जीएसटी, करार ३६ महिन्यांचा, तोवर सोडता येत नाही, हेच लॉक-इन. ग्राहक आमच्या सर्व्हरवरून ड्रॉइंग्ज घेतात, म्हणून स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) लागतो. घेताना सेल्सचा पोरगा म्हणाला होता, "शिफ्टिंगचं काय साहेब, एका मेलवर होतं." आता 'मार्चनंतर लाइन बंद करा' असा मेल टाकला, तर उत्तरात हिशोब आला. उरलेले २२ महिने गुणिले १८,५००, म्हणजे ४,०७,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ७३,२६०. एकूण ४,८०,२६०. एवढ्यात जुना सरफेस ग्राइंडर येतो हो.

कराराचं चौथं पान इतकं बारीक आहे की फोटो काढून, मोठं करून वाचलं. ग्राहकाने मुदतीआधी सेवा बंद केली तर उरलेल्या काळाचं पूर्ण शुल्क, हे आहे. शिफ्टिंग 'तांत्रिक शक्यतेच्या अधीन', हेही आहे. पण नव्या जागी लाइन पोहोचतच नसेल तर काय, यावर एक अक्षर नाही. ग्राहक न्यायालयात जाता येईल का? शिवाय त्याच कंपनीचा ०२५३ चा लँडलाइन नंबर दोन हजार खोक्यांवर छापून बसलाय, तो सिन्नरला नेता येतो का?

सातपूरकर: बिल भरणं बंद करा, आपोआप तोडतील.

जुना_केबलवाला: वरचं अजिबात ऐकू नका दादा. थकबाकी ठेवली की करार मोडणारे तुम्ही ठरता, आणि मग वकिलाची नोटीस.

मी काही वर्षं ह्याच लाइनी विकल्यात. तुमची चूक पहिल्या मेलमध्ये झाली. 'बंद करा' लिहिलंत की एक्झिट चार्जचं (मुदतीआधी सोडल्याच्या शुल्काचं) कलम लागू. आजच दुसरा मेल टाका: आम्हाला सेवा हवीच आहे, माळेगावच्या पत्त्यावर शिफ्ट करून द्या, फिजिबिलिटीचा (तिथे लाइन पोहोचते का याचा) निकाल लेखी कळवा. सोबत नव्या जागेचा पत्ता आणि लोकेशन. आधीचा मेल स्थलांतरापुरता होता, असंही त्यात घाला.

लाइन पोहोचत असेल तर शिफ्टिंगचा खर्च द्यावा लागेल, पण नवी वर्क ऑर्डर सही करण्याआधी लॉक-इनची तारीख बघा. पुष्कळदा ३६ महिने पुन्हा पहिल्यापासून मोजतात. फायबरऐवजी रेडिओवर (बिनतारी) देतो म्हणाले तर स्पीड आणि बंद पडल्यावर दुरुस्तीची मुदत लेखी घ्या. पोहोचतच नसेल, तर तो नकाराचा मेल तुमचं हत्यार. लगेच सुटलात असं नाही, पण बोलणी तिथून सुरू होतात. एक वाट लोक विसरतात: गाळ्याचा नवा मालक त्याच जागी लाइन घेणार असेल, तर करार त्याच्या नावावर करायला कंपनी सहसा खळखळ करत नाही.

वहीखाते: भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४ वाचा. करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती जशीच्या तशी मिळते असं नाही. वाजवी भरपाई मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. केबल टाकायचा खर्च ते दाखवतील, पण २२ महिने सेवाच न देता पूर्ण भाडं वाजवी कसं, हे लेखी विचारा. लवादाचं (वाद कोर्टाऐवजी मध्यस्थ पंचापुढे नेण्याचं) कलम आहे का तेही पाहा.

जीएसटीवर भांडू नका. लवकर बाहेर पडायच्या सोयीचं शुल्क असेल तर त्यावर कर लागतो, हे ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात आलंय. तुम्ही नोंदणीकृत आहात, रीतसर बिल घेतलंत तर इनपुट क्रेडिट (भरलेला कर तुमच्या करातून वजा) मिळेल. खरा वाद ४,०७,००० चा.

ग्राहक न्यायालयाचं म्हणाल, तर टेलिकॉम सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे, पण व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा वगळलीय. स्वयंरोजगाराची (स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेल्या सेवेची) सूट बारा कामगारांवर ताणणं अवघड. ट्रायकडेही (टेलिकॉमची नियामक संस्था) धावू नका, ते वैयक्तिक तक्रारी सोडवत नाहीत. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या, मग तिथल्याच अपील प्राधिकाऱ्याकडे.

जुना_केबलवाला: नंबरचं राहिलं. सिन्नरचा कोड ०२५५१, त्यामुळे ०२५३ तिकडे जात नाही. पोर्टेबिलिटी मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. नाशकात घर असेल तर साधी लँडलाइन म्हणून तिथे हलवा आणि कॉल मोबाइलवर वळवा. खोकी संपेपर्यंत तरी चालेल.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. दुसरा मेल टाकला, नवव्या दिवशी सर्व्हेला माणूस आला. शेडच्या पत्र्यावर चढून इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "इथे नाही होणार साहेब, फायबर लांब संपतं." लेखी द्या म्हटलं तर "तोंडी सांगितलं ना." चहा मागवला, समोर बसवलं, त्याच्याच फोनवरून मेल करून घेतला. आता अकाउंट मॅनेजर स्वतःहून फोन करतोय, 'तीन महिन्यांवर मिटवू का' म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही.

राउटर आणि फायबरचा डबा त्यांचा आहे. परत देताना पोच कोणाच्या सहीची घ्यायची?