मदत हवी आहे: जुन्या फोक्सवॅगन टी-३ कॅम्परला कोणतं सिंथेटिक ऑइल?

मंडळी, गाडी १९८७ची टी-३ वेस्टफालिया (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली व्हॅन), जर्मनीत. २.१ लिटर पेट्रोल, डीजे कोडचं वॉटरबॉक्सर (पाण्याने थंड होणारं, आडव्या सिलिंडरांचं) इंजिन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. फिल्टरसकट ऑइल ४.५ लिटर. सध्या २०डब्ल्यू-५० मिनरल आहे (पहिला आकडा थंडीतल्या जाडपणाचा, दुसरा गरम झाल्यावरच्या).

अडचण दोन टोकांची. थंडीत सुरू केल्यावर हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबावर चालणारे, व्हॉल्व्ह उघडायला लावणारे भाग) बराच वेळ खडखडतात, कारण जाड ऑइल तिथे उशिरा पोचतं. उलट जुलैत आल्प्सचा घाट चढून आल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकतो. ८० अंशांच्या ऑइलला २००० आरपीएमवर किमान २ बार प्रेशर हवं. ते वेगळा गेज लावून मोजायचं आहेच. बेअरिंगच झिजली असतील तर ऑइल बदलून रोग झाकला जाईल, बरा होणार नाही.

विचार ५डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-५० फुल सिंथेटिकचा आहे. ५डब्ल्यू-३० नकोच: गरम झाल्यावर फार पातळ, शिवाय फॉस्फरस कमी. सपाट टॅपेट आणि त्यांना ढकलणाऱ्या कॅमला झीज रोखायला ऑइलमधल्या झिंक-फॉस्फरसचा थर लागतो.

जाणकारांनी एवढं सांगावं:

पुशरॉड (टॅपेटचा जोर व्हॉल्व्हकडे नेणारे दांडे) ज्या ट्यूबमधून जातात, त्यांचे सील आत्ताच पाझरतात. सिंथेटिकमुळे जुना गाळ सुटून गळती वाढते का? सील आधी बदलावेत का?

आणि पहिला बदल २००० किलोमीटरलाच, नव्या फिल्टरसह करावा का? सुटलेला गाळ फिल्टर लवकर तुंबवेल ही खरी भीती आहे.

गाडी नोव्हेंबर ते मार्च उभी असते, त्यामुळे ऑइल उभी करण्याआधी बदलायचं की नंतर, तेही कळवा.