चर्चा : ऊसतोड टोळीतल्याच एका बाईला ‘आशा’ या गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेसारखं शिकवावं का?

मंगळवेढेकर : गाळप सुरू झालं की आपल्या सोलापूर जिल्ह्यात ठिकठिकाणी ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. त्यात गरोदर बायाही असतात. गावाकडच्या आशाच्या यादीत नाव आहे, पण बाई तिथं नाही. इथल्या आशाला बाई दिसते, पण यादीत नाही. म्हणून टोळीतलीच एक बाई हंगामाआधी आठवडाभर शिकवून तयार करा. बाळंतपण करायला नव्हे हं! डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय, तोंड-हात सुजलेत, अंगावरून रक्त जातंय, पाणी गेलंय पण कळा नाहीत, एवढं ओळखायचं आणि १०२ला फोन लावायचा.

पार्कचौकी : कागदावर झकास. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई दवाखान्यात गेली की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापणार. सोबत तुमची शिकलेली बाई गेली की दोन खाडे. ते कोण भरणार? प्रशिक्षण हा सरकारचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. बॅनर, चहा-नाश्ता, फोटो, झालं काम.

आशाताई, दक्षिण सोलापूर : दादा, बॅनरचं खरंय. पण शिकून फरक पडत नाही असं म्हणू नका. बाळंतीण दवाखान्यातून आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आम्ही घरी जातो. एका घरी सासूबाई खूश, “लेकरू गुणी हाय, रडतच नाही.” तळपाय गार, पोटही गार, दूध ओढेना. उघडं करून आईच्या छातीशी धरलं, वरून चादर, आणि गाडी बोलावली. शिकवलं नसतं तर मीही गुणीच म्हटलं असतं.
आमचं दुखणं वेगळंय. शिकवणी मराठीत, अक्कलकोटकडं घरात कानडी, कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत तेलुगू. सून नुसती मान हलवते. शिवाय सर्वेक्षणं आहेतच, पायाला भिंगरी.

डॉक्टर आहे, नाव नको : मंगळवेढेकर, रक्तदाब वाढलाय हे नुसतं बाईकडं बघून कळत नाही. डोकं दुखायच्या आधीच तो १४०/९० ओलांडून गेलेला असतो. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असलेली बाईसुद्धा मोळी उचलत असते. लक्षणं दिसेपर्यंत थांबणारी योजना मला मान्य नाही. दर महिन्याच्या ९ तारखेची गरोदर मातांची तपासणी कोप्यांच्या तळावर न्या, तीही संध्याकाळी, फडातून परतल्यावर.

मंगळवेढेकर : तपासणी हवीच, पण उरलेले २९ दिवस? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय.

पार्कचौकी : तिथं बाईच्या हाताशी औषधं होती, वर सततची देखरेख होती. गावही जागचं हलत नव्हतं. इथं पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी पांगली. आधी कारखान्याच्या करारात ‘बाळंतपणाला खाडा नाही’ लिहून घ्या, मग मी तुमच्या बाजूनं.

मंगळवेढेकर : मजुराशी व्यवहार मुकादमाचा, कारखाना हात वर करतो. मग पहिल्या दिवशी मुकादमालाच वर्गात बसवू.

आशाताई, दक्षिण सोलापूर : तो बसतोय होय! कारखान्यानं त्याचं कमिशन अडवलं तर मात्र पहिल्या रांगेत दिसेल.