छोट्या स्पीकरमधून किक ड्रम 'ठप्' असा का येत नाही?

तालवेडा:
मंडळी, सगळे रविवार घालून घरीच स्पीकरची जोडी बनवली. खोली १० बाय १२ फुटांची, मोठे बॉक्स ठेवायला जागाच नाही. ६.५ इंची वूफर (खालचे सूर काढणारा स्पीकर), १८ मिमी प्लाय, आतून १२ लिटर, पोर्ट (बॉक्सला ठेवलेलं हवेचं नळकांडं) ४५ हर्ट्झला ट्यून केलाय. वूफरचा क्यूटीएस (कोन किती आवरला जातो त्याचा आकडा) ०.३८, व्हास (कोनच्या लवचिकतेइतकी हवा) २२ लिटर, एफएस (वूफरचा स्वतःचा सूर) ४८ हर्ट्झ, सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला किती आवाज) ८४ डीबी, अँप ५० वॅटचा. सतार, बासरी, गाणं एकदम मस्त वाजतं पण ड्रमसेट लावला की जीव हिरमुसतो. किक (पायाने वाजतो तो मोठा ड्रम) छातीवर यायच्या ऐवजी 'ढूम्म' करून रेंगाळते, आणि स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ड्रम) तर पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा. मोठा वूफर घ्यावाच लागेल का?

सुतारपक्षी:
वूफरला हात लावू नकोस अजून. तुझी खोली १२ फूट लांब म्हणजे ३.६६ मीटर, त्या लांबीत पहिला रेझोनन्स (खोली स्वतःच घुमते तो सूर) ४७ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि तू पोर्ट बरोबर ४५ ला ठेवलास, म्हणजे बॉक्स आणि खोली दोघं मिळून एकच सूर धरून बसलेत, ठोका संपला तरी ते थांबत नाहीत. आज रात्री एकच कर, दोन्ही पोर्टमध्ये जुने मोजे घट्ट कोंब आणि स्पीकर कोपऱ्यातून दीड-दोन फूट बाहेर ओढून तीच किक ऐक. पोर्ट बंद केला की तुझ्या आकड्यांनी क्यूटीसी (बंद बॉक्समधल्या वूफरचा क्यूटीएससारखाच आकडा) ०.६४ च्या आसपास येतो, ड्रमसाठी फार छान. खोल बेस जाईल हे खरंय, ८०-९० च्या खाली आवाज उतरत जाईल, पण ठोका जिथल्या तिथे थांबेल.

डग्गा_आणि_सोल्डर:
मोज्यांशी सहमत. पण दादा, स्नेअरचं दुखणं वेगळं आहे. बॉक्सची रुंदी किती? २० सेंमी धरली तर ५००-६०० हर्ट्झच्या खाली आवाज हळूहळू बॉक्सच्या मागेही पसरायला लागतो आणि समोर तो ६ डीबीपर्यंत कमी पडतो. स्नेअरचं, टॉमचं अंग तिथेच असतं, २०० च्या आसपास, ते गेलं की उरते नुसती टिचकी. क्रॉसओव्हरमध्ये (वूफर-ट्वीटरला सूर वाटून देणारं सर्किट) बॅफल स्टेपची, म्हणजे पुढच्या फळीमुळे पडणाऱ्या ह्या कमतरतेची, भरपाई केलीयेस का? त्यातली वूफरसाठीची कॉइल थोडी मोठी करून बघ, ३-४ डीबी पुरे, स्पीकर भिंतीजवळ असतील तर त्याहून कमी. मी तबला वाजवतो त्यामुळे माझी परीक्षा डग्ग्याच्या घिश्श्यावर असते, सूर वर सरकताना मधेच एका जागी आवाज फुगला की समजायचं बॉक्स नाहीतर खोली स्वतःचं काहीतरी मिसळतेय.

बारा_व्होल्ट:
पॉवरचाही विचार कर. नीट रेकॉर्ड केलेल्या ड्रमचा ठोका सरासरी आवाजापेक्षा २० डीबी वर जाऊ शकतो, म्हणजे १०० पट पॉवर. सरासरी १ वॅट चालू असेल तर त्या क्षणाला १०० वॅट लागतात, तुझा ५० चा अँप तिथे कापणार आणि ठोक्याचं टोकच बोथट होणार. छोटा बॉक्स, खोल बेस आणि जास्त सेन्सिटिव्हिटी ह्या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, त्यामुळे खोल बेसचं काम वेगळ्या सबवूफरला दे आणि ह्या जोडीला ८० हर्ट्झच्या खाली कापून टाक. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं, ते ओझं उतरलं की ६.५ इंची वूफर मोकळा होतो.

तालवेडा:
मोजे कोंबले! किक आखडली, पाय पेडलवर पडल्याचा तो आधीचा 'टक्' पण आता कळतोय, इतके दिवस तो ऐकूच आला नव्हता. बेस कमी झालाय पण ऐकायला जास्त आवडतंय. बॅफल २१ सेंमी आहे आणि भरपाई अजिबात केलेली नाही, कॉइल शनिवारी बदलतो. सबसाठी पलंगाखाली १४ इंच उंची मिळते, त्यात १० इंची सील्ड (बिनपोर्टचा) सब बसेल का?

सुतारपक्षी:
बसेल, पण ड्रायव्हर खाली तोंड करून नको, समोर ठेव, पलंगाची फळी थरथरली की पुन्हा तेच रेंगाळणं.