भाऊ बरा झाला आहे, पण त्याला घरी आणण्याची सोय नाही. कायदा काय सांगतो?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ सहा वर्षांपासून मनोरुग्णालयात आहे. तो आता घरी राहू शकतो असे डॉक्टर म्हणतात, परंतु आई थकली आहे आणि मी नोकरीनिमित्त परगावी असतो. मागच्या भेटीत तो कपड्यांची पिशवी भरून फाटकापर्यंत माझ्यासोबत आला आणि तिथूनच मुकाट्याने परत फिरला. त्याला किती दिवस असे ठेवता येते?

उत्तर १: मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील कलम १९ अवश्य वाचावे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा बाहेर राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शिवाय रुग्णाच्या संमतीशिवाय झालेली भरती कलम ८९ नुसार तीस दिवसांपुरती असते, आणि ती लांबवायची झाल्यास कलम ९० प्रमाणे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची, म्हणजे रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवण्यासाठी याच कायद्याखाली नेमलेल्या मंडळाची, मान्यता लागते. भाऊ स्वतः मंडळाकडे अर्ज करू शकतो. त्यासाठी मोफत कायदेशीर मदतीचाही त्याला हक्क आहे.

उत्तर २: वरील माहिती योग्य आहे, पण निवारागृहे कमी असल्याने कलम १९ बहुतांशी कागदावरच राहते, आणि याचे मला फार वाईट वाटते. तुम्ही रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटून आधी आठवडाभराच्या रजेवर त्याला घरी आणावे. औषधे जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात मिळतात का, हे त्यापूर्वी पाहावे, कारण गोळ्या मध्येच बंद पडल्या की बहुतेक वेळा पुन्हा भरती करावी लागते. अडचण आल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रजेचा अर्ज सोमवारीच देतो.