शब्दचर्चा : 'ह्वाजोदो'ला मराठीत काय म्हणाल?

पाटीपेन्सिल : कोरियातल्या जुन्या चित्रांवर लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच शब्दाला अडलेय. 'ह्वाजोदो'. ह्वा म्हणजे फूल, जो म्हणजे पक्षी, दो म्हणजे चित्र. तसंच्या तसं मराठीत आणलं तर 'फूलपाखरूचित्र' होतं आणि वाचणारा चित्रात फुलपाखरं शोधत बसतो! 'पुष्पपक्षीचित्र' फारच पाठ्यपुस्तकी वाटतं. सुचवा.

कोकणकडा : आपलं फुलपाखरू म्हणजे एकच जीव, फुलासारखं पाखरू. कोरियन शब्दात मात्र द्वंद्व आहे, फूल आणि पाखरू. मग 'फुला-पाखरांची चित्रं' म्हणा, पानाफुलांची नक्षी म्हणतो तसं. मधली रेघ विसरू नका. छापताना एक काना गळला की पुन्हा फुलपाखरंच.

हांगुलवाली : छान! याच घरातला दुसरा शब्द 'यंगमोह्वा'. यंग म्हणजे पिसं, मो म्हणजे अंगावरची लव, आणि इथला ह्वा फुलाचा नाही, चित्राचा (हे शब्द चिनी अक्षरांवरून कोरियनमध्ये आलेले, त्यामुळे उच्चार तोच, चिनी अक्षर वेगळं). पिसं-लव म्हणजे पशुपक्षी. आपला 'पक्षी'ही पक्ष असलेला, म्हणजे पंखवालाच की. अठराव्या शतकातला ब्यन सांग-ब्यक मांजरं इतकी हुबेहूब काढायचा की त्याला 'ब्यन गोयांगी', म्हणजे ब्यन मांजर, हेच नाव पडलं. त्याचं मांजर-चिमण्यांचं चित्र 'म्योजाक्दो' नावाने ओळखतात. इथे जाक म्हणजे चिमणी. पण वाघाच्या प्रसिद्ध 'होजाक्दो'तला जाक वेगळा. तो क्काची, इंग्रजीतला मॅगपाय. कोरियनच्या हांगुल लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, चिनी अक्षर पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

पाटीपेन्सिल : मॅगपाय म्हणजे आपला दयाळ ना?

कोकणकडा : नाही हो! दयाळ म्हणजे मॅगपाय रॉबिन, चिमुकला गाणारा पक्षी. क्काची कावळ्याच्या कुळातला, काळापांढरा, लांब शेपटीचा. आपल्याकडे त्या कुळात जवळचा म्हणजे टकाचोर.

हांगुलवाली : स्वभावाने मात्र तो आपला दारातला कावळाच. सकाळी क्काची ओरडला की पाहुणा येणार, असं कोरियात म्हणतात. वाघासोबत तो का बसला, त्यामागे कोटी आहे. चिनी चित्रांत बिबट्या असायचा, कारण बिबट्या आणि 'वार्ता' या दोन्ही शब्दांचा चिनी उच्चार 'बाओ'. मॅगपायच्या चिनी नावात आनंद हा शब्द आहेच, म्हणून दोघे मिळून आनंदवार्ता. कोरियन उच्चारात बिबट्या 'प्यो' आणि वार्ता 'बो', त्यामुळे कोटी पार निसटली. बिबट्याच्या जागी वाघ आला आणि लोकचित्रांत, म्हणजे मिन्ह्वात, तो गोल डोळ्यांचा, जरासा बावळट झाला. मला तर कोटी हरवली हेच बरं झालं वाटतं. १९८८च्या सोल ऑलिंपिकचा शुभंकर होदोरी, त्याच्या नावातला 'हो' याच वाघाचा.

कोरियन उच्चारात नीट टिकलेली कोटी हवी असेल तर 'नोआन्दो' बघा. नो म्हणजे बोरू, आन म्हणजे रानहंस. वेगळ्या अक्षरांनी लिहिलं की तेच नोआन म्हणजे म्हातारपणीचं सुख. अशी चित्रं वडीलधाऱ्यांना भेट देत.

कोकणकडा : आणि 'छोछुंगदो'? छो गवत, छुंग किडा?

हांगुलवाली : बरोबर. 'गवत-किड्यांची चित्रं' चालेल. कोरियन चित्रकर्ती शिन साइमदांगच्या (१५०४–१५५१) नावाने असलेली ही चित्रं नोटेवरही गेली. ५,००० वॉनच्या नोटेच्या मागे कलिंगड आणि तुऱ्याचं फूल आहे, पुढे तिचा मुलगा, विद्वान यी आय. आपण त्या फुलाला कोंबडा म्हणतो. त्याच्या चिनी-कोरियन नावातही कोंबड्याचा मुकुट आहे, आणि मुकुट म्हणजे दरबारी टोपी, म्हणून बढतीची शुभेच्छा.

पाटीपेन्सिल : ठरलं. फुला-पाखरांची चित्रं, पशुपक्ष्यांची चित्रं, गवत-किड्यांची चित्रं. क्काची मात्र क्काचीच ठेवते. 'वाघ आणि टकाचोर' लिहिलं तर वाघाचं काय चोरीला गेलं, असं घरचेच विचारतील.