बीबीसी मायक्रोतून धूर आला, मेला का?

जुनाडबा: पुण्याच्या जुन्या बाजारात बीबीसी मायक्रो (ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश कॉम्प्युटर) मिळाला, मॉडेल बी, १९८४ च्या 'क्लास' या सरकारी कॉम्प्युटर-शिक्षण प्रोजेक्टमध्ये शाळांना दिलेले त्यातलाच असावा. लावला, बू-बीप झालं, स्क्रीनवर बेसिक (त्याची प्रोग्रॅमिंग भाषा) आलं, मी नाचतोय तेवढ्यात फट्! खोलीभर घाण धूर. आई म्हणते दे भंगारात.

सोल्डरदादा: अरे थांब, दिलास तर बघ! पॉवर सप्लायमधला रिफा कंपनीचा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) गेलाय बहुतेक. आत कागद असतो, वरचं पारदर्शक आवरण तडकलं की ओल शिरते आणि मग हा उद्योग. ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (थेट मेन्सच्या विजेवर लावायचा सुरक्षित प्रकार) घे, २७५ व्होल्टवाला, लॅमिंग्टन रोडला किरकोळीत मिळतो. प्लग काढूनही लगेच हात घालू नकोस, मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट बसलेले असतात.

जुनाडबा: हुश्श! पिवळं पडलेलं प्लास्टिकचं कव्हर उजळायला पेरॉक्साइड लावू का?

टेपवाली: आधी चालू तर कर बाबा. मी माझ्या स्पेक्ट्रमला (तोही तेव्हाचाच कॉम्प्युटर, पण काळा) लावलं तर पांढरे पट्टे पडले, आता झेब्रा दिसतो. प्रोग्रॅम लोड करायला कॅसेट प्लेयरची केबल हवी असेल तर सांग, जास्तीची आहे, बदल्यात जॉयस्टिक दे.